गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या बंदूक-परवानाधारकासाठी: .३१५ की .३०-०६ रायफल?

दोन्ही काडतुसं तळहातावर घेऊन बघा. .३१५ च्या बुडाला कडा असते, नखाला लगेच लागते. .३०-०६ ला तशी बाहेर आलेली कडा नाही, नुसती खाच. म्हणून दुसरं मॅगझिनमध्ये, म्हणजे रायफलीतल्या काडतुसांच्या पेटीत, विनातक्रार बसतं; .३१५ भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे येईल हे जपावं लागतं, नाहीतर ऐनवेळी बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा दांडा) अडतो.

.३१५ ची गोळी साधारण १६ ग्रॅमची, जड आणि संथ. .३०-०६ हे १९०६ चं अमेरिकी लष्करी काडतूस, त्याची ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास सुटते. २०० मीटरवर हा फरक ठळक दिसतो. पण आमच्या कुळागरात माडा-पोफळींतून ५० मीटर मोकळे दिसले तरी पुष्कळ! तिथे माझं मत .३१५ लाच.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. रानडुकराने केळी उपटली तरी आधी वनखात्याची लेखी परवानगी घ्या. आणि निशाणामागे मातीची दरड नसेल तर चापाला बोट लावूच नका. दोन्ही गोळ्या पलीकडच्या वाड्यापर्यंत सहज पोचतात.