भोसरी एमआयडीसीतला रिवाइंडिंगवाला: काम चांगलं, पण खरी कमाल त्याच्या कार्डाची

आमची १५ एचपीची ब्लोअरची मोटर वर्षात दुसऱ्यांदा जळाली तेव्हा जुना वाइंडरच (मोटरच्या आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळणारा) बदलला, कारण आधी काय केलेलं ते ना त्याला आठवत होतं ना आमच्या फोरमनला, सगळा हिशोब डोक्यात!

ह्या नव्या दुकानाने वाइंडिंग नीट केलंच, पण सोबत जॉबकार्ड दिलं. नेमप्लेटची माहिती, तारेचा गेज म्हणजे जाडी, टर्न (वेढे) किती, बेअरिंग ६३०९ नंबरचं दोन्ही बाजूंना, ५०० व्होल्ट मेगरचं (तारेचं इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मेगओममधे दाखवणारं मीटर, आकडा जास्त तितकं चांगलं) रीडिंग आणि तिन्ही फेजचा नो-लोड करंट, म्हणजे मोटरवर भार न टाकता घेतलेला. मोटरच्या बॉडीवर नंबरसुद्धा पंच करून दिला, स्टिकर नाही, स्टिकर तेलात दोन महिन्यात जातो.

मालक म्हणाला, "साहेब, एकदा मेगर लावून काही कळत नाही, दर तीन महिन्याला लावा आणि तारीख, टेंपरेचर टाकून लिहा." गरम मोटरचं रीडिंग कमीच येतं त्यामुळे टेंपरेचर लिहिलं नाही तर तुलनाच चुकते, हे मला खरंच माहीत नव्हतं. मग साधं १०० पानी रजिस्टर केलं, एका मोटरला एक पान. पावसाळ्यात एका पंपाचं रीडिंग १५० मेगओमवरून थेट ६ वर आलेलं दिसलं, उघडला तर टर्मिनल बॉक्समधे पाणी, ग्लँड (केबल आत शिरते तिथली घट्ट बसणारी जोडणी) सैल. सुकवून वाचला.

तक्रार एकच, दोन दिवस सांगून चार लावतात, आणि कार्डावरचं अक्षर म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी. रेट थोडा जास्त आहे, तरी मी तिथेच देतो.