कंबरेचं टेन्स मशीन: सहा महिने वापरल्यावर

मी ब्लाउज शिवते. बावीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून कंबर धरली होतीच, गेल्या दिवाळीपासून उजव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत कळ उतरायला लागली. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकलेली निघाली. फिजिओथेरपीच्या ताईंकडे टेन्स, म्हणजे कातडीवर चिकटवलेल्या पॅडमधून हलका करंट सोडून मुंग्या आणणारं मशीन, लावलं की बरं वाटायचं, म्हणून जानेवारीत तसलंच घरगुती मशीन घेतलं. चार पॅड, नऊ व्होल्टची बॅटरी, अठराशे रुपये.

ताईंनी समजावलं, "काकू, दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो. तिथे दार आहे असं समजा. मुंग्यांचा निरोप आधी शिरला की दुखणं मागे अडतं." मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडलेली ही कल्पना. पण ताईंनी हेही सांगितलं, की उपचारांबद्दल सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नका असा सल्ला दिलाय. हे न लपवल्यामुळेच मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

पॅड पाठीच्या कण्यावर नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना लावायचे. शंभर हर्ट्झ, अर्धा तास. जास्त जोर म्हणजे जास्त आराम असं समजून पहिल्या आठवड्यात मी करंट वाढवत नेला आणि पाठ आणखी आखडली. मुंग्या ठसठशीत जाणवाव्यात, टोचू नयेत. तेवढं जमलं की माझी कळ निम्म्यावर येते, बंद केल्यावरही तासभर तशीच राहते. त्या तासात मी ताईंनी दिलेले व्यायाम उरकते. एरवी पाय उचलवत नसे, ब्रिज, म्हणजे उताणं झोपून कंबर वर उचलणं, कुठून करणार? माझ्यासाठी मशीनचे पैसे इथेच वसूल झाले. पायाच्या तळव्याची बधिरता मात्र तसूभरही कमी नाही, आणि गादी काही यानं जागेवर येत नाही.

पॅड फार लवकर मरतात. मे महिन्यात घामामुळे तीन आठवड्यांत चिकटेनासे झाले. नवे चार तीनशेला. कंबर साबणानं धुऊन कोरडी करा, तेल लावलेलं असेल तर अजिबात चिकटवू नका. वायरची पिन दुसऱ्याच महिन्यात ढिली झाली. कंपनीचा फोन कुणी उचलला नाही, शेवटी कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्यानं डाग दिला.

शेजारच्या मावशींनी परवा गुडघ्यासाठी मागितलं. त्यांना पेसमेकर आहे, म्हणून दिलं नाही. आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा म्हटलं. मला विकताना दुकानदारानं यातलं काहीच विचारलं नव्हतं.