आठ महिने, पाच चित्रपट: जुने युरोपीय गुन्हेपट घरी पाहताना

जूनमध्ये पहिली डिस्क लावली, आता फेब्रुवारी संपत आलाय. आठ महिन्यांत पाचच चित्रपट पाहिले. पण एक सोडला तर प्रत्येक किमान दोनदा, आणि फ्रेंच दिग्दर्शक क्लोद शाब्रोलचा 'ल बुशे' (म्हणजे खाटीक) चार वेळा. या डिस्क घेण्याआधी मी लोकांचे अनुभव शोधत होते, तेव्हा सगळीकडे पहिल्या आठवड्यातलं कौतुक सापडायचं. काही महिन्यांनी काय उरतं, हे कुठेच नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी प्लेअरचं सांगते, कारण पैसे तिथे वाया जातात. डिस्क कुठल्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालेल, हे तिच्या 'रीजन'वरून ठरतं. युरोपातल्या डीव्हीडी रीजन 2 च्या असतात, आपल्याकडच्या रीजन 5 च्या. ब्लू-रेमध्ये युरोप बी आणि भारत सी. माझ्या जुन्या प्लेअरने पहिली डिस्क घेतलीच नाही. सगळे रीजन चालणारा प्लेअर आणला तेव्हा गाडी सुरू झाली. जमलं तर ब्लू-रेच घ्या. युरोपातल्या डीव्हीडीवर सेकंदाला 24 फ्रेम्सचा (चित्रांचा) चित्रपट बहुतेक वेळा 25 ने पळतो, म्हणजे साधारण 4 टक्के जलद, आणि त्यात आवाजही किंचित चढतो. ज्या चित्रपटात एका माणसाची शीळ आणि एका माणसाचं किंचाळणं हेच सगळं आहे, तिथे हा फरक कानाला लागतो. वापरलेल्या डिस्क विकणाऱ्या एकाकडून क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाच्या 'ले दियाबॉलिक'ची डिस्क मागवली, तर ती नेमकी बाथटबच्या प्रसंगात अडकायची. बदलून मिळाली, पण तीन आठवडे गेले.

सबटायटल्स इंग्रजीच आहेत आणि पांढऱ्या भिंतीवर पांढरी अक्षरं आली की वाचताच येत नाहीत. आईला तेवढ्या वेगाने इंग्रजी वाचणं जमत नाही. म्हणून मी दर दोन-तीन मिनिटांनी थांबवून तिला मराठीत सांगते. दीड तासाच्या चित्रपटाला दोन संध्याकाळी लागतात. सुरुवातीला हे जाचक वाटलं. आता वाटतं, हे चित्रपट असेच पाहायचे असतात, कारण यांत खून कुणी केला हे कोडं बहुतेक वेळा नसतंच. ज्याला माहीत आहे तो दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा कसा पितो, शाळेत कसा शिकवतो, पाहुण्यांसमोर कसा हसतो, ते पाहायचं असतं.

फ्रिट्झ लांगचा जर्मन चित्रपट 'एम' 1931 चा. बर्लिनमधली एक आई मुलीसाठी जेवणाचं ताट मांडून बसली आहे. घड्याळ पुढे सरकतं, ती जिन्यावरून 'एल्सी!' अशी हाक मारते, आणि पडद्यावर रिकामा जिना, रिकामं ताट, गवतातून घरंगळत आलेला चेंडू, तारांमध्ये अडकलेला फुगा. बस्स. खून दाखवलेलाच नाही. आईने मला रिमोटवरचं बटण दाबायला लावलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते ताट बघवत नाही गं." खुनी शीळ घालतो ती ग्रीग या संगीतकाराची धून आहे. खुन्याचं काम करणाऱ्या पीटर लोरला शीळ येत नव्हती, म्हणून ती खुद्द लांगने घातली आहे. एक आंधळा फुगेवाला याच शिळेवरून त्याला ओळखतो.

पटकथेत लांगच्या बरोबरीने त्याची तेव्हाची बायको थेआ फॉन हार्बो हिचं नाव आहे. पुढे लांगशी घटस्फोट झाल्यावर तिने बर्लिनमध्ये राहणाऱ्या आयी तेंडुलकरांशी गुपचूप लग्न केलं. हे तेंडुलकर बेळगावकडचे, पत्रकार. नाझी राजवटीत, जर्मन चित्रपटसृष्टीत नाव असलेल्या बाईला हिंदुस्थानी नवरा उघडपणे मिरवता येणार नव्हता. हे मला कळलं तेव्हा मी 'एम' पुन्हा लावला, आणि शेवटी तळघरात चोर-गुन्हेगारांनी भरवलेल्या न्यायालयातलं लोरचं ओरडणं मला वेगळंच ऐकू आलं. त्याचं म्हणणं असं, की तुम्ही गुन्हे ठरवून करता, मला माझ्या आतलं काहीतरी करायला लावतं. आपल्या आत काय चाललंय ते जगापासून लपवायचं म्हणजे काय, हे ते लिहिणारीला पुढे स्वतः जगावं लागलं.

हुआन आंतोनियो बार्देमचा 'मुएर्ते दे उन सिक्लिस्ता' (एका सायकलस्वाराचा मृत्यू) 1955 चा, हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमधला. विद्यापीठात शिकवणारा हुआन आणि बड्या उद्योगपतीची बायको मारिया होसे चोरून भेटून परतताना एका सायकलस्वाराला उडवतात. तो जिवंत आहे हे दिसूनही निघून जातात, कारण थांबलं तर प्रकरण उघडं पडेल. मग पार्ट्यांमध्ये पियानो वाजवणारा राफा सूचक बोलायला लागतो. त्याला ठाऊक आहे ते फक्त यांचं प्रेम, पण हे दोघं धरून चालतात की त्याला सायकलस्वाराच्या मृत्यूचंही माहीत आहे. चोराच्या मनात चांदणं, याचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. शेवट मला थोडा लादलेला वाटतो. पण अगदी शेवटी दुसरा एक सायकलवाला दिसतो, आणि तो काय करतो ते नीट बघा.

'ले दियाबॉलिक'बद्दल मी फार सांगणार नाही. क्लूझोने 1955 मध्ये चित्रपटाच्या शेवटी पाटीच लावली आहे की कथा कुणाला सांगू नका, आणि तो शब्द मी पाळते. बाथटबवर अंथरलेलं टेबलक्लॉथ मात्र लक्षात ठेवा. दुसऱ्यांदा पाहताना भीती गेली आणि नटी सिमोन सिन्योरेचे डोळे दिसायला लागले. पोलिश दिग्दर्शक किश्लोव्स्कीचा 'अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग' एकदाच पाहिला. पोरगा टॅक्सीवाल्याला मारतो तेही संपता संपत नाही, आणि सरकार पोराला फासावर देतं तेही तितकंच तपशीलवार दाखवलंय. चित्रपट 1988 चा, आणि पोलंडमधली शेवटची फाशीही त्याच वर्षीची. आई उठून आत गेली. तो दुसऱ्यांदा लावायचा माझा धीर झालेला नाही.

राहिला 'ल बुशे', 1970 चा. त्रेमोला नावाचं छोटं फ्रेंच गाव. शाळेची मुख्याध्यापिका एलेन आणि इंदोचीन-अल्जीरियात फौजेत वर्षं काढून परतलेला खाटीक पोपोल. तो वर्गात येतो तो पुष्पगुच्छासारखी गुंडाळलेली मटणाची तंगडी घेऊन, आणि ते खरोखर प्रेमळ वाटतं. एलेन त्याला एक लायटर भेट देते. पुढे मुलांच्या सहलीत एका पोरीच्या हातातल्या पावावर वरून रक्ताचा थेंब पडतो. एलेन कड्यावर चढून जाते, तर तिथे प्रेत, आणि शेजारी तसाच लायटर. ती तो उचलते, टेबलाच्या खणात ठेवते आणि पोलिसांना काही सांगत नाही. काही दिवसांनी पोपोल तिच्याकडे येतो, सिगारेटसाठी खिशातून लायटर काढतो. तिने दिलेला लायटर त्याच्याचकडे आहे! तिला हसू आणि रडू एकदमच येतं.

खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे मात्र जिने काही खाल्लंच नाही त्या बाईच्या घशात खवखवत राहतं. तिने काही केलेलं नाही, फक्त एक खण बंद केलाय. पहिल्यांदा मी पोपोलकडे बघत होते. चौथ्यांदा चित्रपटभर फक्त त्या खणाकडे.

सुरुवात करायची तर यानेच करा, 'एम' दुसरा, पोलिश चित्रपट अगदी शेवटी. दोघांनी मिळून पाहा आणि मध्येमध्ये थांबा.

'ल बुशे'ची डिस्क सध्या प्लेअरमध्येच आहे. आईला सुरुवातीचं लग्न पुन्हा बघायचंय. पोपोल तिथे भाजलेलं मांस कापून वाढतो आणि एलेन शेजारी बसलेली असते. तिला पहिली शंका तिथेच आली असेल का, हे आई शोधतेय.