स्वतंत्र अडॅप्टरचा यूएसबी हब : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या जुन्या लॅपटॉपला २.५ इंची पोर्टेबल हार्ड डिस्क जोडली की ती टिकटिक करत राहायची, कशीबशी दिसू लागायची आणि मोठी फाइल कॉपी होत असताना मध्येच नाहीशी व्हायची. दुकानदाराने डिस्क गेल्याचे सांगितले होते. परंतु तीच डिस्क दुसऱ्या संगणकावर बिनतक्रार चालत असल्यामुळे संशय पोर्टमधून मिळणाऱ्या विजेवर आला. मानकाप्रमाणे यूएसबी २.० च्या पोर्टकडून ५ व्होल्टवर ५०० आणि ३.० च्या पोर्टकडून ९०० मिलिअँपिअर प्रवाहाची अपेक्षा असते, तर थांबलेली तबकडी फिरू लागताना अशा डिस्कला क्षणभर १ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागू शकतो.

म्हणून ज्याला भिंतीतल्या सॉकेटवरून स्वतःची वीज मिळते, असा चार पोर्टांचा हब (लॅपटॉपच्या एका पोर्टला जोडून जास्त पोर्ट देणारे उपकरण) घेतला. घेताना अडॅप्टरवरचे आकडे अवश्य वाचावेत. चारही पोर्टांना प्रत्येकी ९०० मिलिअँपिअर द्यायचे तर ३.६ अँपिअर होतात, त्यामुळे ५ व्होल्ट, ४ अँपिअरचा अडॅप्टर योग्य ठरतो. हब लावल्यापासून टिकटिक पूर्ण थांबली. काम नसताना डिस्कची जोडणी अधूनमधून तुटत असे, ते मात्र विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधील ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ (वापरात नसलेले यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद केल्यावरच थांबले. त्यात हबचे श्रेय नाही.

म्युझिक प्लेअरच्या बाबतीत हबचा काडीचाही उपयोग झाला नाही. तो चार्ज होई, पण संगणकाला दिसत नसे, कारण त्याला लावलेल्या केबलमध्ये विजेच्या तारा होत्या, डेटाच्या नव्हत्या. अशा केबली बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात आणि त्यांच्यावर तशी खूणही नसते, हे ग्राहकाच्या दृष्टीने अन्यायकारकच आहे. केबल बदलल्यावर तो एमटीपी पद्धतीने, म्हणजे ड्राइव्ह म्हणून नव्हे तर मीडिया उपकरण म्हणून, दिसू लागला. प्लेअरच्या सेटिंगमध्ये एमएससी (ड्राइव्ह म्हणून जोडण्याची पद्धत) निवडल्यावर साध्या पेन ड्राइव्हसारखा उघडला आणि गाण्यांचे फोल्डर सरळ ओढून टाकता आले. त्याचे मेमरी कार्ड एफएटी३२ या फाइल साठवण्याच्या जुन्या रचनेत असल्यामुळे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, पण गाण्यांसाठी ती अडचण नव्हे.

हबविषयी दोन तक्रारी आहेत. यूएसबी ३.० च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात विद्युत गोंगाट होतो आणि डिस्क चालू असताना वायरलेस माउस अडखळतो; माउसचा रिसीव्हर एक्स्टेन्शन केबलने दूर नेल्यावर हा त्रास बराच कमी झाला. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, परंतु हबचा अडॅप्टर बंद पडतो आणि लिहिणे चालू असतानाच डिस्कची वीज तुटते. ज्यांच्या भागात भारनियमन होते त्यांनी हा हब इन्व्हर्टरच्या किंवा यूपीएसच्या सॉकेटवरच लावावा, अन्यथा घेऊ नये.