जुन्या अँबॅसिडरचा ब्रीदर: मूळ नळी ठेवायची, एअर क्लीनरला जोडायची की पीसीव्ही व्हॉल्व्ह बसवायचा?

कोल्हापुरात, राजारामपुरीत, आमच्या शेडमध्ये वडिलांची अँबॅसिडर उभी असते. गेल्या पावसाळ्यात तिच्याखालच्या शहाबादी फरशीवर ऑइलचा डाग रोज थोडा थोडा पसरायला लागला आणि चढावर क्लच घसरायला लागला. एका गॅरेजमध्ये सांगितलं, "मागचं ऑइल सील गेलंय, इंजिन उतरवायला लागतंय." उतरवण्याआधी उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींना गाडी दाखवली. ते खाली शिरले, इंजिनाच्या बाजूच्या टॅपेट कव्हरवरून खाली येणाऱ्या ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, तोंडात तार घातली आणि चिंधीचा काळाकुट्ट बोळा बाहेर ओढला. "दादा, ह्या इंजिनाचं नाकच दाबलंय की कुणीतरी!" फरशीवर थेंब पडू नयेत म्हणून पूर्वी कधीतरी कुणीतरी तो कोंबला होता. बोळा निघाला आणि गळती महिन्याभरात निम्म्याच्या खाली आली. ऑइल प्यायलेली क्लच प्लेट मात्र बदलावीच लागली.

मुळात 1489 सीसीच्या या बी-सिरीज इंजिनाला मागच्या बाजूला रबरी सीलच नाही. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला आटे पाडलेले आहेत. शाफ्ट फिरला की ते आटे ऑइल परत खालच्या ऑइल चेंबरकडे ढकलतात. पण क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पोकळीत, दाब साठला की आट्यांचं काही चालत नाही, ऑइल बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचच्या कवचात, उतरतं. चांगल्यातल्या चांगल्या इंजिनातही पिस्टनच्या रिंगांच्या बगलेतून थोडा गॅस खाली निसटतोच. आपल्याकडे मिस्त्री लोक त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते. ही वाफ बाहेर निघाली नाही तर ऑइलमध्ये मिसळून गाळ होतो. जुलैत गाडी फक्त रंकाळ्यापर्यंत नेऊन आणत असाल तर ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. पिवळट लोण्यासारखा थर दिसला तर तो हाच.

काय बसवायचं हे ठरवण्याआधी एक तपासणी करा. इंजिन चांगलं गरम करा, आयडलवर ठेवा, ऑइलचं झाकण काढा आणि भोकावर वर्तमानपत्राचा कपटा ठेवा. मूळ नळीच्या गाडीत तो जागच्या जागी थरथरेल, तेवढं ठीक आहे. पण फक्-फक् करत उडून जात असेल, रेस केल्यावर डिपस्टिक वर सरकत असेल, तर आधी कॉम्प्रेशन मोजा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली दिसला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा गेल्यात. अशा इंजिनाला कुठलाही ब्रीदर लावा, पैसे वायाच जातील. सिलिंडर आतून घासून नीट करायचं, म्हणजे बोरिंग-होनिंगचं, काम कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या होत आलंय, त्यासाठी आपल्याला पुण्या-मुंबईकडे बघावं लागत नाही.

रिंगा ठीक असतील तर मग तीन वाटा उरतात.

पहिली वाट, मूळ नळी आहे तशी ठेवणं. नळीचं खालचं टोक तिरकं कापलेलं असतं. गाडी पळाली की त्याखालून जाणारा वारा आतली वाफ ओढून घेतो. यात झिजणारा भाग एकही नाही, ट्युनिंगला हात लावावा लागत नाही आणि व्हिंटेज रॅलीत गाडी तपासली तर नाव ठेवायला जागा राहत नाही. पण ही ओढ साधारण चाळीसच्या वर वेग गेल्याशिवाय लागत नाही. दसरा चौकातून महाद्वार रोडला जाताना चाळीस कुठून येणार? आयडलवर ती नळी म्हणजे नुसतं एक भोक. शिवाय वाफ आणि ऑइलचे थेंब थेट रस्त्यावर जातात, आणि मला ते पटत नाही. महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या नळीत कुंभारमाशी मातीचं घरही करते, तेव्हा पावसाळ्याआधी आत तार फिरवून बघा. गाडी दर रविवारी हायवेने कागल, निपाणीपर्यंत पळत असेल तर मात्र मूळ नळी बदलायची काही गरज नाही.

दुसरी वाट, नळी वर वळवून एअर क्लीनरला जोडणं. खर्च म्हणजे हातभर होजपाइप आणि दोन क्लिपा. होज ऑइल सहन करणारा घ्या. रेडिएटरचा साधा होज ऑइल लागून फुगतो आणि आतून पोपडे सुटतात. कार्बुरेटर जितकी हवा ओढेल तितकी इथली ओढ वाढते. म्हणजे पन्हाळ्याच्या चढावर, थ्रॉटल पूर्ण उघडा असताना, बॅक कॉम्प्रेशन सगळ्यात जास्त असतं तेव्हाच ही जोडणी सगळ्यात चांगलं काम करते. आयडलवर आणि गर्दीत मात्र ओढ अगदी मंद. आणि इंजिन थोडंसं जुनं असेल तर फिल्टर ऑइलने माखतो, हवा कोंडते, पिकअप पडतो. फिल्टर दर सर्व्हिसिंगला बघायची सवय असेल तरच ही वाट धरा.

तिसरी वाट पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्हची. हे काही कालचं फॅड नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला असा व्हॉल्व्ह कंपनीतूनच होता, आणि कॅलिफोर्नियात 1961 च्या मॉडेलपासून गाड्यांना ही सोय आली. क्रँककेसमधली वाफ इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बुरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेच्या, व्हॅक्युमने ओढली जाते आणि सिलिंडरमध्ये जळून जाते. आयडलवर व्हॅक्युम जोरात असतो, तेव्हा आतला दट्ट्या वाट अरुंद करतो. थ्रॉटल उघडला की वाट रुंद होते. बॅकफायर झाला तर बंद होते. शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात याला तोड नाही.

पण काम करणाऱ्याचा हात हवा. व्हॉल्व्ह दीड लिटरच्या आसपासच्या पेट्रोल इंजिनाचाच घ्या. मोठ्या गाडीचा लावलात तर हवा जास्त शिरते आणि आयडल डगमगतो. बरोबर व्हॉल्व्ह लावला तरी मिक्श्चर पुन्हा जुळवावंच लागतं. जोडणी कार्बुरेटरच्या लगेच खाली, सगळ्या सिलिंडरांना सारखी वाटली जाईल अशी हवी. एकाच सिलिंडरच्या वाटेत टोचलीत तर तेवढाच प्लग पांढरा पडतो. नळी जिथून निघते तिथे ऑइल अडवणारा पत्रा किंवा डबी हवी, नाहीतर इंजिन ऑइल ओढून निळा धूर सोडेल. आणि आत ताजी हवा यायला मोजकी वाट ठेवलीच पाहिजे. सगळं बंद करून नुसतं ओढत राहिलात तर मागच्या त्याच आट्यांमधून क्लचची धूळ आत जाईल.

पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डचा व्हॅक्युम जवळजवळ संपतो, म्हणजे घाटात पीसीव्ही ढिला पडतो. म्हणून मी दोन्ही जोडले. समोरच्या टॅपेट कव्हरवरून व्हॉल्व्हमार्गे मॅनिफोल्डला एक नळी, आणि इंजिनाच्या माथ्यावरच्या रॉकर कव्हरपासून एअर क्लीनरला दुसरी. एरवी दुसऱ्या नळीने गाळलेली हवा आत येते. चढावर व्हॉल्व्हला झेपत नाही तो गॅस त्याच नळीने उलटा फिरून क्लीनरमध्ये जातो. गाडी रोज गावात आणि महिन्यातून एकदा गगनबावड्याला जाते, तिला हेच मानवलं. जुनी नळी मी फेकलेली नाही. ग्रीस लावून, कागदात गुंडाळून ठेवली आहे, कधी मूळ रूपात गाडी दाखवायची वेळ आली तर अर्ध्या तासात परत बसेल.

बाटली किंवा डबा लावून त्यात ऑइल साठवायचं, असंही काही जण सुचवतात. डब्याने फरशी स्वच्छ राहते, पण ओढ काहीच लागत नाही, वाफ आतच राहते. बोरिंगची तारीख मिळेपर्यंत चालवायला ठीक.

ज्यांच्या जीपमध्ये नंतर डिझेल इंजिन घातलंय त्यांनी पेट्रोलचा व्हॉल्व्ह लावण्याच्या फंदात पडू नये. साध्या डिझेलला थ्रॉटलच नाही, मग व्हॅक्युम कुठला?

व्हॉल्व्ह बसवल्यावर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर तो काढून कानाजवळ हलवा. खुळखुळ वाजला तर मोकळा आहे. वाजत नसेल तर पेट्रोलने धुवा, तरीही गप्पच राहिला तर नवा घाला. झाकणावर कागदाचा कपटा पुन्हा ठेवून बघा. आता तो उडत नाही, भोकावर अलगद चिकटून बसतो.