सफरचंदाची सायडर घरी: आठ महिने आणि सहा खेपांनंतर नवशिक्यांच्या किटबद्दल

पाच लिटरची काचेची बरणी, भोक असलेलं रबरी बूच, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी पाण्याची झडप), हायड्रोमीटर (रसात तरंगवून त्यात साखर किती उरली ते दाखवणारी काचेची दांडी), नळी, यीस्टच्या दोन पुड्या, निर्जंतुकीकरणाची पावडर आणि चार पानी माहितीपत्रक. एवढ्या सामानाच्या किटवर मी आठ महिन्यांपूर्वी सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस यीस्टने आंबवून केलेलं मद्य, करायला सुरुवात केली. आतापर्यंत सहा खेपा झाल्या. तीन मनासारख्या जमल्या, एक ठीकठाक झाली, एक सुरूच झाली नाही आणि एकीने मला चांगलंच घाबरवलं. किट घ्यावं का, असं कुणी विचारलं तर मी बेलाशक हो म्हणेन. त्या माहितीपत्रकावर मात्र विसंबून राहू नका. ‘दहा दिवसांत तयार’ असं त्यावर ठळक छापलंय, आणि माझा पहिला घोळ तिथूनच सुरू झाला.

घाबरवणारी खेप पहिलीच होती. साडेचार लिटर रस, त्यात यीस्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी एअरलॉकमधून पहिला बुडबुडा निघाला आणि दुपारपर्यंत त्याची लय लागली. अकराव्या दिवशी बुडबुडे थांबले. हायड्रोमीटर 1.010 दाखवत होतं (साध्या पाण्याचा आकडा 1.000, म्हणजे साखर अजून शिल्लक होती), पण पत्रकात ‘बुडबुडे थांबले की बाटल्या भरा’ असं लिहिलं होतं, म्हणून मी वरून साखर न घालता तशाच भरल्या. तेव्हा थंडी होती. साखरेचं मद्य आणि वायू करण्याचं यीस्टचं काम संपलं नव्हतं, गारठ्याने मंदावलं होतं. तीन आठवड्यांनी हवा तापली आणि एका रात्री कपाटातून धाडकन आवाज आला. एक बाटली फुटली होती. काचा आतल्या फळीच्या कडेत रुतल्या होत्या. त्या वेळी कपाटासमोर कुणी नव्हतं, हे नशीब.

नंतर हिशेब मांडला तेव्हा कारण कळलं. हायड्रोमीटरवरचा एक अंश, म्हणजे 1.010 आणि 1.009 मधला फरक, हा लिटरमागे साधारण 2.6 ग्रॅम साखरेचा असतो. दहा अंश उरले म्हणजे लिटरला 26 ग्रॅम. शँपेनमध्ये बाटलीतल्या दुसऱ्या आंबवणीसाठी लिटरला सुमारे 24 ग्रॅम साखर घालतात, आणि तिची बाटली जाड काचेची असते ती उगाच नाही. मी तेवढाच दाब साध्या बाटल्यांत कोंडला होता. उरलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये पूर्ण गार केल्या आणि चष्मा, हातमोजे घालून, जाड टॉवेलात गुंडाळून एकेक हळूहळू उघडली.

म्हणून या किटमधली सगळ्यात मोलाची वस्तू कोणती, तर हायड्रोमीटर. बुडबुड्यांवरून काहीच ठरवता येत नाही. बूच नीट बसलं नसेल तर वायू बाजूने निसटतो आणि एअरलॉक गप्प राहतं; उलट आंबवण संपल्यावरही गरमी वाढली की विरघळलेला वायू बाहेर पडून बुडबुडे येतात. हायड्रोमीटर आधी 20 अंश सेल्सिअसच्या साध्या पाण्यात तपासून घ्या (बहुतेक हायड्रोमीटर याच तापमानासाठी असतात, एकदा कागद पाहा). माझं तिथे 1.002 दाखवतं, म्हणून प्रत्येक वाचनातून मी दोन अंश वजा करते. नमुना थोडा ढवळून त्यातला वायू जाऊ द्यायचा आणि काचेची दांडी चिमटीत धरून हलकेच फिरवायची. तिला चिकटलेले बारीक बुडबुडे तिला वर उचलून धरतात. ते सुटले की ती दोन-तीन अंश खाली बसलेली दिसते. आता आठवड्याभरात तीनदा एकच आकडा आला, आणि तो 1.000 च्या आसपास किंवा खाली असला, तरच मी बाटल्या भरते. मद्य पाण्यापेक्षा हलकं असल्याने आकडा 0.998 पर्यंतही उतरतो. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून 131 ने गुणलं की मद्याचं प्रमाण कळतं. तिसऱ्या खेपेत 1.048 वरून 0.999 झालं, म्हणजे जवळजवळ साडेसहा टक्के.

फसफशीत हवी असेल तर बाटल्या भरताना लिटरला 6 ते 7 ग्रॅम साखर पुरे. आणि एक बाटली नेहमी प्लॅस्टिकची भरा. दाबून पाहिली की आतली गत कळते. ती दगडासारखी टणक झाली की बाकीच्या फ्रिजमध्ये.

न सुरू झालेल्या खेपेचं कारण रसाच्या लेबलवरच बारीक अक्षरांत होतं: पोटॅशियम सॉर्बेट. सॉर्बेट किंवा बेन्झोएट असलेल्या रसात यीस्ट वाढत नाही. मी मात्र पाच दिवस यीस्टलाच बोल लावत बसले होते. व्हिटॅमिन सी घातलेला रस चालतो.

सायडर उत्तम होईल की नुसती बरी, हे सफरचंदांवर ठरतं, आणि इथे कुठलंही किट मदतीला येत नाही. नुसत्या गोड, खायच्या सफरचंदांची सायडर पातळ आणि सपक लागते, कारण आंबवणीत साखर निघून जाते आणि मागे उरायला आंबटपणाही नसतो, तुरटपणाही नसतो. इंग्लंडमधल्या लाँग अॅश्टन संशोधन केंद्रात 1903 मध्ये सायडरच्या सफरचंदांची गोड, आंबट, कडू-गोड आणि कडू-आंबट अशी वर्गवारी केली गेली, ती याच दोन गोष्टींवर. अशी खास फळं हाताशी नसतील तर मी एक भाग आंबट आणि दोन भाग गोड घेते, आणि बरणीमागे एक कप कडक काळा चहा घालते. चहातल्या टॅनिनने, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या द्रव्याने, चवीला कणा येतो. हा बदल केला आणि चौथ्या खेपेपासून मला माझी सायडर मनापासून आवडायला लागली.

त्याच चौथ्या खेपेत पाचव्या दिवशी बरणीजवळ सडक्या अंड्यांचा वास आला. पोटात गोळा आला, पण ते यीस्टची उपासमार झाल्याचं लक्षण असतं. सफरचंदाच्या रसात नायट्रोजन कमी असतो. यीस्टचं पोषक थोडं आधीच घातलं असतं तर हे टळलं असतं. दोन आठवड्यांत वास आपोआप गेला.

आता किटच्या उणिवा. बूच ओलं झालं की हळूहळू वर सरकतं. बरणीचं तोंड आणि बूच दोन्ही कोरडं पुसून मगच दाबावं. नळी आखूड आहे, त्यामुळे साक्यावरची (तळाशी बसलेल्या गाळावरची) सायडर काढताना बरणी उंच ठेवूनही शेवटचा पाव लिटर साका उचलतो. मी लांब नळी वेगळी घेतली आणि तिचं टोक तळापासून दोन बोटं वर धरते. नमुन्यासाठी अरुंद उभं भांडं किटमध्ये नाही. ते मिळेपर्यंत हायड्रोमीटर बरणीतच सोडावं लागत होतं. पावडर आणि यीस्ट चोख आहे. स्वच्छतेबाबत काही राखून ठेवू नका, रसाला लागणारी प्रत्येक वस्तू आधी निर्जंतुक करा. आंबवण संपल्यावर बरणी काठोकाठ भरलेली ठेवा, कारण हवा मिळाली की सायडरचा व्हिनेगर व्हायला लागतो. घरी मद्य करण्याचा आपल्याकडचा कायदा काय म्हणतो तेही आधी पाहा.

बाटलीत मुरायला लागणाऱ्या वेळेबद्दल पत्रकात अवाक्षर नाही. तिसऱ्या खेपेची एक बाटली मी दर महिन्याला उघडत गेले. पहिल्या महिन्यात ती जिभेला झोंबत होती आणि ओल्या पिठासारखा वास येत होता. दुसऱ्या महिन्यात वास गेला. चौथ्या महिन्यात ग्लास नाकाशी नेला तर सफरचंदाच्या सालीचा वास आला, सुरुवातीच्या रसातही मला तो कधी आला नव्हता. या खेपेच्या दोन बाटल्या अजून शिल्लक आहेत.

बरणीत आता सातवी खेप आहे, अर्धी आंबट सफरचंदं घालून. आज बारावा दिवस, आकडा 1.014. बुडबुडे कालपासून थांबलेत. बरणी थोड्या उबदार कोपऱ्यात हलवली आहे आणि पुढचं वाचन तीन दिवसांनी घेणार आहे.