14 फेब्रुवारी, आकाशपाळणा आणि सासूबाई : पाचपैकी साडेतीन

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला मैदानावर सध्या जी फन फेअर लागलीय तिचा रिव्ह्यू आहे हा, पण आम्ही तिथं बरोबर 14 फेब्रुवारीलाच का कडमडलो ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल व्हॅलेंटाइनला सासूबाईंना घेऊन कोण जातं.

तर झालं असं की थोरलीला कुठंतरी वाचायला मिळालं की 14 फेब्रुवारीला अमेरिकेत फेरिस व्हील डे असतो. म्हणजे आपल्या आकाशपाळण्याचा दिवस. ज्या माणसाच्या नावावरून इंग्रजीत त्याला फेरिस व्हील म्हणतात तो जॉर्ज फेरिस 1859 साली याच तारखेला जन्मला. आता पाळण्याचा वाढदिवस म्हटल्यावर धाकटा शांत बसतोय होय, सकाळपासून भुणभुण. नवऱ्याचा प्लॅन हॉटेलात जायचा होता, तिथं त्या दिवशी वेटिंग एक तास आणि रोजचंच पनीर दीडपट भावानं, त्यामुळं मी लगेच पोरांच्या पार्टीत गेले.

फेअरला जायच्या आधी घरी एक उद्योग केला, तो तुम्हीही करून बघा, फुकटात होतो. माळ्यावर थोरलीच्या जुन्या सायकलचं चाक पडलं होतं, ते खाली काढलं आणि धाकट्यानं तारा मोजल्या तर निघाल्या 36. आणि गंमत बघा, फेरिसनं 1893 ला शिकागोच्या प्रदर्शनात जो पहिला मोठा पाळणा उभा केला त्याला डबे पण 36 च होते! शिवाय त्या चाकाची रचनाही सायकलच्या चाकासारखीच, जाडजूड दांडे नाहीत, ताणलेल्या सळ्यांनी सगळं धरलेलं, म्हणून तर आधी लोकांना पटेना की एवढ्या बारीक सळ्यांवर हे उभं राहणार कसं. आम्ही चहाचे 36 कागदी कप दोऱ्यानं रिमला लटकवले, आस म्हणून जुनं लाटणं, आणि प्रत्येक कपात प्रवासी म्हणून थोडं थोडं भडंग. दोरा जरा ढिला ठेवायचा म्हणजे चाक फिरलं तरी कप सरळ राहतो. आमचे पहिले चार घट्ट बांधले गेले होते, त्यातलं भडंग आणि शेंगदाणे पार सोफ्याखाली. सासूबाई म्हणाल्या, "हे प्रवासी काय परत यायचे नाहीत आता."

संध्याकाळी साडेसहाला पोचलो. पार्किंगचे 20 रुपये, धूळ मात्र फुकट. एंट्री वेगळी आणि प्रत्येक राइडचं तिकीट वेगळं, पाळण्याचं माणशी 80. पाच जणांचे 400 झाले, मी 500 ची नोट दिली तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो सुट्टे नाहीत, वरच्या शंभरात ब्रेकडान्स राइडची तिकिटं घ्या. मला चक्कर येते बाबा त्यात, मी कशाला घेऊ? स्कॅनर होता पण तो म्हणे सकाळपासून चालत नाही, आणि शेजारच्या मक्याच्या कणसावाल्याचा बरा चालत होता! शेवटी दहा मिनिटं उभं राहून शंभर परत घेतले. यासाठी अर्धा मार्क कापलाय.

लाइनीत निम्म्या जोड्या, लाल फुगे, सेल्फी, आणि मधेच आम्ही, सासूबाई शाल पांघरून. त्यांना वाटत होतं लोक बघतायत, आणि लोक खरंच बघत होते, पण कौतुकानं. एका पोरीनं तर त्यांना पुढं जायला जागा दिली.

पाळणा चालवणारा पोरगा म्हणजे या फेअरमधली सगळ्यात भारी गोष्ट. वय असेल बावीस-तेवीस, तोंडात शिट्टी, आणि नजरेनंच वजन मोजतो. सलग पाळणे भरत नाही तो, एक इकडचा भरला की चाक अर्धं फिरवून समोरचा भरतो, कारण एकच बाजू भरली तर ती जड होऊन खाली ओढते आणि मोटरवर ताण येतो. आमच्या ह्यांच्याकडं एकदा बघितलं, वर नजर टाकली, आणि म्हणाला, "काका, तुम्ही थांबा, तुम्हाला समोरच्या पाळण्यात घेतो." सासूबाई एवढ्या हसल्या की बस. म्हणजे आमचं चाक बॅलन्स करायला नवरा एकटा पलीकडं आणि आम्ही चौघं अलीकडं, त्यात दोन पोरं, तरी जमलं म्हणे. व्हॅलेंटाइनला आम्ही अख्ख्या चाकाचं अंतर ठेवून एकमेकांना हात करत होतो.

तर बसलो, आणि लगेच माझं लक्ष गेलं दाराच्या कडीकडं. कडीची पिन नव्हती, तिथं सुतळी बांधलेली. साधी, पोत्याला असते तसली. मी म्हटलं, अरे हे काय? तर म्हणतो, "काय नाय होत मावशी, घट्ट आहे." घट्ट असेल पण पिन केवढ्याला येते रे, दहा रुपयाला? मी पूर्ण वेळ एका हातानं दार धरून बसले. याचा एक मार्क गेला आणि तो मी परत देणार नाही. उतरल्यावर मॅनेजरला सांगितलं, त्यानं मान हलवली, पिन लावली का माहीत नाही.

वर गेल्यावर मात्र, खरं सांगते, सगळं विसरले. भरणी चालू असल्यामुळं आमचा पाळणा बरोबर टोकाला थांबला. पन्नास-साठ फूट असेल, जास्त नाही, पण गार वारा, खाली शंभर फुटी रस्त्यावरच्या गाड्यांचे लाइट, विलिंग्डन कॉलेजच्या बाजूची झाडी काळीकुट्ट, आणि तेवढ्यात मिरजेकडं जाणारी रेल्वे, उजेडाच्या खिडक्यांची एक ओळ सरकत गेल्यासारखी. धाकटा गप्प झाला, तो एरवी झोपेतच गप्प असतो.

मग मी थोरलीला म्हटलं, सांग आजीला तुझ्या फेरिसचं. पॅरिसनं 1889 ला आयफेल टॉवर उभा केला होता, त्याच्यापेक्षा भारी काहीतरी अमेरिकेला पाहिजे होतं, आणि पुलांची कामं करणाऱ्या या इंजिनिअरनं 264 फुटांचं चाक उभं केलं. पंचवीस मजली बिल्डिंग म्हणा ना. एकेका डब्यात 60 माणसं, म्हणजे एका वेळी 2160, सासूबाईंच्या माहेरची जत्रेची पंगत एका चाकात बसेल. तिकीट 50 सेंट आणि त्यात दोनच फेऱ्या, पहिलीत सहा वेळा थांबून माणसं चढवायची-उतरवायची, दुसरी न थांबता. म्हणजे वर अडकून बसायची पद्धत तेव्हापासूनची आहे, त्यासाठी फेअरवाल्यांना मी माफ केलं. इथपर्यंत ठीक होतं, पण थोरली पुढं सांगायला लागली की बिचारा 37 व्या वर्षीच टायफॉइडनं गेला आणि 1906 ला ते चाक डायनामाइट लावून पाडलं. सासूबाई म्हणाल्या, "खाली उतरल्यावर सांग गं पुढचं."

त्यांच्या लहानपणी गावच्या जत्रेत चार पेट्यांचा लाकडी पाळणा असायचा, माणसं हातानं ढकलायची. करकर एवढी करायचा की देवळात ऐकू यायचं म्हणे. या पाळण्याबद्दल त्यांचं मत, "आवाज नाही याला, मजा कमी."

फेऱ्या धाकट्यानं मोजल्या, सलग फक्त सहा. 80 रुपयांत दहा तरी हव्यात की. गाणी कानठळ्या बसवणारी. खायला दिल्ली पापड बरा, म्हातारीचे केस चिकट, भेळ आपल्या सांगलीत बाहेर कुठंही याच्यापेक्षा चांगली मिळते, तिथं खाऊ नका. बायकांसाठी टॉयलेट एकच, त्यावर न बोललेलं बरं.

जायचं तर मधल्या वारी सव्वासहाच्या सुमारास जा, म्हणजे दिवस मावळताना वर असाल. ओढणी, पदर आवरून बसा, सुट्टे पैसे न्या, वर गार लागतं. सोबत कोणी वजनदार असेल तर त्याला आधीच कल्पना द्या. आणि बारा नंबरच्या पाळण्यात बसू नका, सुतळी त्यालाच आहे.